वरच्या सुरांसाठी ट्रम्पेटचा माउथपीस कसा निवडावा

नाशिकमध्ये वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक रामकुंडावर पोहोचेपर्यंत कित्येक तास जातात, आणि लग्नसराईतली वरातही काही कमी रेंगाळत नाही. मागे नाशिक ढोल घुमत असतो, ताशा कडाडत असतो. त्यातून गाण्याची चाल लोकांच्या कानापर्यंत पोहोचवायची तर ट्रम्पेटवाल्याला वर चढूनच वाजवावं लागतं. म्हणून प्रत्येक बँडमध्ये हा प्रश्न निघतोच: वरचे सूर काढायला कुठला माउथपीस (ट्रम्पेटला ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) घ्यायचा?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. कुठलाही माउथपीस तुम्हाला नसलेला सूर देत नाही. सूर चढतो तो हवेच्या वेगाने आणि ओठांच्या ताब्याने. ज्याला साध्या ७सीवर (नेहमीचा, मध्यम खोलीचा माउथपीस) वरचा सी हा सूर अजिबात लागत नाही, त्याला उथळ, म्हणजे कमी खोल वाटीचा, माउथपीस दिला तरी फार तर एखादा सूर जास्त मिळेल, तोही पहिले काही दिवस. योग्य माउथपीसचं काम वेगळं आहे. जो सूर तुम्हाला ताज्या ओठांनी लागतो, तोच तिसऱ्या तासाला थकलेल्या ओठांनीही लागावा आणि ढोलाच्या वर ऐकू यावा, एवढंच त्याच्याकडून मागायचं. म्हणून माउथपीसची परीक्षा थकलेल्या ओठांनीच घ्यायची. दुकानात पाच मिनिटं फुंकून घेतलेला माउथपीस मिरवणुकीत दगा देतो, कारण दुकानात ओठ सुजलेले नसतात.

हातातला माउथपीस आधी ओळखा

नवीन घेण्याआधी जुना मोजा. माउथपीसवर कोरलेला आकडा वाचा आणि तो कोणत्या कंपनीच्या पद्धतीचा आहे ते बघा, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

बाख कंपनीच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका रिमच्या (ओठ टेकतात त्या गोल कडेच्या) आतला व्यास लहान. ७सीचा व्यास १६.२० मिमी, ३सीचा १६.३० मिमी आणि १½सीचा १७ मिमी दिलेला असतो. अक्षर कपाची, म्हणजे रिमच्या आतल्या वाटीची, खोली सांगतं: ए सगळ्यात खोल, मग बी, सी, डी, ई असं करत एफ सगळ्यात उथळ. यामाहाचं याच्या बरोबर उलट आहे. तिथे आकडा वाढला की व्यास वाढतो, आणि अक्षरांत ए उथळ, ई खोल. त्यापुढचा आकडा रिमचा आकार सांगतो (१ म्हणजे गोल, ५ म्हणजे सपाट), आणि शेवटी लहान ए असेल तर बॅकबोअर (माउथपीसच्या दांड्यातली नळी) अरुंद. म्हणजे कोणी सांगितलं की ‘वरच्या सुरांना ए कप घे’, तर ते यामाहाबद्दल खरं आणि बाखबद्दल पार उलट. फोनवरून किंवा ऑनलाइन मागवताना हे पक्कं डोक्यात ठेवा.

दोन कंपन्यांचे मिलिमीटरही एकमेकांशी थेट जुळत नाहीत. यामाहाच्या १४बी४चा व्यास १६.८८ मिमी लिहिलेला असतो, तरी ओठांवर तो बाख ३सीच्या जवळचाच मानला जातो. ११बी४ तसाच ७सीच्या जवळचा, १६सी४ हा १½सीच्या जवळचा. रिमची आतली कड गोलावत कपात उतरते. तिथे व्यास नेमका किती खोलीवर मोजायचा याचं सगळ्या कंपन्यांना बांधणारं माप नाही, म्हणून हा फरक पडतो. तुलना करायची ती एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची. कंपन्यांच्या आपसातल्या तुलनेला कागदावरचे मिलिमीटर उपयोगी नाहीत, तिथे ओठच विचारायचे.

थ्रोट, म्हणजे कपाच्या तळाचं भोक, घरीही तपासता येतं. बाखचा नेहमीचा थ्रोट २७ नंबरच्या ड्रिलचा, म्हणजे ३.६६ मिमीचा असतो. ३.६ आणि ३.७ मिमीचे दोन ड्रिल बिट घ्या आणि त्यांची मागची गुळगुळीत बाजू कपाच्या बाजूने हलकेच आत सोडा. ३.६चा सहज जावा आणि ३.७चा अडावा. दोन्ही सहज गेले तर थ्रोट कुणीतरी वाढवलेला असण्याची शक्यता आहे. जुन्या बाजारातून घेतलेल्या माउथपीसमध्ये ही तपासणी टाळू नका. धार असलेली बाजू मात्र चुकूनही आत घालायची नाही.

कप: सगळा खेळ इथे आहे

उथळ कपात हवेची जागा कमी असते. त्यामुळे माउथपीसचा स्वतःचा नाद वर सरकतो आणि आवाजातल्या वरच्या थरांना जोर मिळतो. आवाज धारदार होतो, लांबवर जातो. तेवढाच मोठा आवाज कमी हवेत निघतो, म्हणून दम पुरतो. हा फरक कानांनी ऐकायचा असेल तर माउथपीस ट्रम्पेटमधून काढून हातात धरा आणि रिमवर तळहाताने थाप मारा. खोल कपातून येणारा ‘पॉप’ खालच्या सुराचा असतो, उथळ कपातून येणारा वरच्या सुराचा.

पण उथळपणाला मर्यादा आहे, आणि ती ओठांवर ठरते. वाजवताना ओठ थोडे कपाच्या आत जातात. थकल्यावर सुजतात, तेव्हा आणखी आत जातात. कप फार उथळ असेल तर ओठ तळाला टेकतात आणि थरथर जागीच थांबते. हवा जाते, आवाज येत नाही. हे हळूहळू होत नाही, एकदम होतं. वादक घाबरून आणखी दाबतो, त्याने ओठ आणखी आत जातात आणि उरलेला आवाजही जातो.

आपले ओठ तळाला टेकतात का, हे तपासायची सोपी रीत आहे. स्टाफच्या (स्वरलिपीच्या पाच रेषांच्या) दुसऱ्या रेषेवरचा जी हळू आवाजात धरा आणि तोच सूर न सोडता हळूहळू मोठा करत न्या. आवाज शेवटपर्यंत वाढत गेला तर ठीक. एका टप्प्यावर वाढायचा थांबला, दबला किंवा तुटला, तर कप तुमच्या ओठांसाठी उथळ आहे. हीच तपासणी तासभर वाजवून झाल्यावर पुन्हा करा. सकाळी पास झालेला माउथपीस संध्याकाळी नापास होतो तो इथे.

जाड, भरदार ओठ असतील तर म्हणूनच अगदी उथळ आणि लहान व्यासाचा माउथपीस सहसा लाभत नाही. अशा वादकाने व्यास थोडा मोठा ठेवून कप मध्यम उथळ घ्यावा. पातळ ओठांना उथळ कप लवकर मानवतो.

एकाच व्यासाच्या दोन उथळ कपांतही फरक असतो. एकाचा तळ वाटीसारखा गोल, दुसऱ्याचा उतार थ्रोटकडे सरळ जाणारा. सरळ उताराच्या कपात मधोमध जागा जास्त उरते, त्यामुळे ओठ टेकण्याची भीती कमी असते आणि आवाजातही थोडा भरीवपणा राहतो. उथळ कप हवा आहे पण ओठ टेकतात, अशी अडचण असेल तर आधी अशा कपाचा शोध घ्यावा, व्यास नंतर बदलावा.

रिम

रिमच्या आतली कड जरा तीक्ष्ण असली की सुराची सुरुवात स्वच्छ होते, पण तासाभराने ओठाला कापल्यासारखं वाटतं. गोल कड मऊ लागते, ओठ सहज हलतात, मात्र सूर निसटण्याचा संभव वाढतो. रुंद, सपाट रिम दाब पसरवते. लांब मिरवणुकीत तिने ओठ जास्त टिकतात, पण एका सुरावरून दुसऱ्यावर झटपट उडी मारणं जड जातं.

व्यासाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: लहान व्यास म्हणजे वरचे सूर सोपे. लहान व्यासात ओठांचा कमी भाग सांभाळावा लागतो, म्हणून दमणूक कमी, इतपत खरं. पण व्यास तुमच्या ओठांपेक्षा लहान झाला की रिम थेट लाल भागावर बसते, थरथर दबते आणि आवाज चिमटल्यासारखा होतो. ज्याला ३सी व्यवस्थित बसतो त्याने वरच्या सुरांसाठी व्यास कमी करण्यापेक्षा कप उथळ करावा.

एका वेळी एकच माप बदला

रिम तीच ठेवा, कप तेवढा बदला. ७सी वाजवणाऱ्याने ७डी बघावा, मग गरज पडली तर ७ई. ३सीवाल्याने ३डी किंवा ३ई. एकदम सीवरून ईवर उडी मारू नका. डीवर महिना काढला की पुढे जायची गरज आहे का हे आपोआप कळतं, आणि बऱ्याच जणांचं काम डीवरच भागतं.

यामाहात १४बी४वरून १४ए४ए हा नेहमीचा रस्ता. तो वरच्या सुरांसाठीचा प्रसिद्ध माउथपीस आहे. शिल्के कंपनीचाही याच नावाचा आहे, कारण दोन्ही कंपन्यांची नावं देण्याची पद्धत एकसारखी आहे. पण लक्षात घ्या, इथे कप उथळ होतो आणि बॅकबोअरही अरुंद होतो, म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलतात. बॅकबोअर अरुंद झाला की फुंकताना अडल्यासारखं वाटतं. काहींना त्या अडथळ्यावर टेकून वाजवायला सोपं जातं, काहींना हवा परत तोंडात आल्यासारखी वाटते. नव्या माउथपीसवर त्रास झाला तर तो कपाचा की बॅकबोअरचा, हे ओळखता आलं पाहिजे. फुंकायला मोकळं वाटतं पण सूर अचानक तुटतो, तर कप. सूर तुटत नाही पण मोठ्याने वाजवताना छाती भरून येते आणि हवा बाहेर पडत नाही, तर बॅकबोअर. वॉरबर्टनसारखे कप आणि बॅकबोअर वेगवेगळे मिळणारे माउथपीस याच कामासाठी बनवलेले असतात, पण महाग पडतात.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाले पुष्कळ आहेत आणि ओळखीत कुणी ना कुणी निघतोच, म्हणून थ्रोट वाढवून घ्यायचा मोह होतो. तो टाळा. भोक वाढवता येतं, बुजवता येत नाही. ३.६६वरून ३.८ मिमी केलं की हवा जास्त लागते, दम लवकर संपतो आणि वरच्या सुरांना मिळणारा आधार जातो. मिरवणुकीत वाजवणाऱ्याला नको असलेली प्रत्येक गोष्ट त्यातून होते.

बसतो का, ते आधी बघा

चांगला माउथपीस वाईट बसला तर वाईटच वाजतो, आणि वरच्या सुरांवर याचा परिणाम सगळ्यात आधी दिसतो. माउथपीस रिसीव्हरमध्ये (ट्रम्पेटच्या ज्या तोंडात तो बसतो तिथे) हलकेच घालून पाव फेरा फिरवा. मग बोटांनी आडवा हलवून पाहा. जरासुद्धा डुगडुगला तर शँक (माउथपीसचा निमुळता दांडा) आणि रिसीव्हरचा उतार जुळत नाही. कॉर्नेटचा शँक ट्रम्पेटपेक्षा आखूड आणि बारीक असतो, तो ट्रम्पेटला चालत नाही. मेरठच्या किंवा जुन्या बिगर-ब्रँड ट्रम्पेटला परदेशी माउथपीस घेताना ट्रम्पेट बरोबर नेऊनच बघा.

नीट बसला तरी आत शँकचं टोक आणि लीडपाइपचं (रिसीव्हरच्या पुढच्या नळीचं) तोंड यांत थोडी फट राहते. ती साधारण ३ मिमी असावी असं धरून चालतात. मोजायची रीत अशी: एका बारीक तारेचं टोक जरा वाकवा, रिसीव्हरमध्ये घालून लीडपाइपची कड जिथे लागते तिथपर्यंतचं अंतर मोजा. आता माउथपीस बसवा, रिसीव्हरच्या काठाशी पेन्सिलने शँकवर खूण करा, बाहेर काढा आणि खुणेपासून टोकापर्यंत मोजा. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फट मिळाली. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलची पट्टी चालेल.

फट शून्य असेल, म्हणजे शँक आत टेकत असेल, तर वरचे सूर घट्ट आणि डळमळीत लागतात. शँकवर कागदाचा एक वेढा देऊन माउथपीस बाहेर सरकवता येतो, पण कागद कुठला हे महत्त्वाचं. शँकचा उतार साधारण वीसाला एक असतो. वहीचा कागद ०.१ मिमी जाड धरला तर दोन्ही बाजू मिळून व्यास ०.२ मिमीने वाढतो आणि माउथपीस तब्बल ४ मिमी बाहेर येतो. हे फार झालं. संक्रांतीच्या पतंगाचा पातळ कागद वापरला तर एका वेढ्याला साधारण १ मिमी मिळतो. असं एकेक वेढा वाढवत वाजवून पाहा. जिथे वरचा जी आणि वरचा सी सगळ्यात पक्के बसतात तिथे थांबा. कागद फक्त चाचणीसाठी आहे. माप कळल्यावर कायमची सोय शँक दुरुस्त करून किंवा दुसरा माउथपीस घेऊन करावी.

फट जास्त असेल तर कागद उपयोगाचा नाही. तसा माउथपीस परत करा.

चाचणी कशी घ्यायची

घेण्याआधी दुकानदाराशी परतीची बोली करा. ऑनलाइन घेताना परत करायची मुदत वाचा. पहिल्या दिवशीचा अनुभव नेहमीच गोड असतो, कारण उथळ माउथपीसवर ताजे ओठ दोन-तीन सूर वर चढतात. दोन आठवडे रोज वाजवल्याशिवाय मत बनवू नका.

आधी जुन्या माउथपीसवर वीस मिनिटं ओठ गरम करा. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) सुरात लावून ठेवा आणि नंतर हलवू नका. नवा माउथपीस लावून मोकळ्या वॉल्व्हवर (एकही वॉल्व्ह न दाबता) खालचा सी, मधला सी आणि वरचा सी धरा. ट्रम्पेट काळी पाचचा, म्हणजे त्याचा सी हा खरा बी फ्लॅट, म्हणून मोबाईलवरचा ट्यूनर बी फ्लॅट दाखवेल: २३३, ४६६ आणि ९३२ हर्ट्झच्या आसपास. ट्यूनरकडे न बघता धरा, दुसऱ्याला वाचायला सांगा, नाहीतर ओठ नकळत सूर सुधारतात. तिन्हींत १० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक चालतो. वरचा सी २० सेंटपेक्षा जास्त चढा असेल तर कप तुमच्यासाठी फार उथळ आहे. असा सूर ओठाने खाली ओढता येतो, पण तीन तास ओढत राहणं शक्य नसतं, आणि शेजारचा क्लॅरिनेट तो चढेपणा लगेच उघडा पाडतो.

मग स्टाफच्या लगेच वरचा जी अगदी हळू आवाजात, जीभ न मारता, नुसत्या हवेने सुरू करा. लगेच लागला पाहिजे. मोठ्याने लागतो पण हळू लागत नाही, तर तो सूर दाबावर उभा आहे आणि थकल्यावर जाणार.

त्यानंतर वरचा सी आणि त्याच्या शेजारचा डी यांत मोकळ्या वॉल्व्हवरच घसरत जा आणि परत या. मोकळ्या नळीत खाली सूर दूर-दूर असतात: खालच्या सी आणि जी यांत साडेतीन सुरांचं अंतर. वर मात्र त्या नळीच्या आठव्या आणि नवव्या सुरात, म्हणजे वरच्या सी आणि डीमध्ये, फक्त एका पूर्ण सुराचं अंतर उरतं. म्हणून वर गेल्यावर सूर शेजारी निसटतो. चांगल्या माउथपीसवर प्रत्येक सुराचा खाचा, म्हणजे तो पक्का बसण्याची जागा, स्पष्ट लागतो, आणि खाच्यांमधून सरकतानाही फार झगडावं लागत नाही. खाचा इतका पक्का असेल की सूर हलतच नाही, तर गाण्यातल्या मींडी मरतात. आपल्या चालींना ते चालत नाही.

खरी चाचणी शेवटी. रोजचा पूर्ण रियाज संपवा, ओठ जड झाले की नवा माउथपीस लावा आणि तुमच्या बँडची सगळ्यात चढी चाल एकदा सलग वाजवा. याच वेळी जुन्यावरही वाजवा. नव्यावर चाल जास्त सहज संपली तरच तो घ्या. संपल्यावर आरशात ओठ बघा. हलका वळ हा नेहमीचाच, पण कडेचा खोल व्रण अर्ध्या तासानंतरही गेला नसेल तर ती रिम तुमच्यासाठी नाही. दात वाकडे असतील किंवा तारा लावलेल्या असतील तर हे आणखी काटेकोरपणे पाहा.

दोन ठेवायचे असतील तर

हॉलमधल्या संथ गाण्याला उथळ माउथपीसचा आवाज पातळ आणि टोचरा लागतो. म्हणून बरेच जण दोन ठेवतात, आणि ते योग्यच आहे, फक्त दोन्हींची रिम एकच हवी. ३सी आणि ३डी ही जोडी चालते. ७सी आणि १४ए४ए अशी सरमिसळ ओठांचा ताबा बिघडवते. लष्करी किंवा पोलीस बँडच्या भरतीची तयारी करणाऱ्यांनी ३सी किंवा ५सीवर मुख्य रियाज ठेवावा आणि उथळ माउथपीस फक्त रस्त्यावरच्या कामाला काढावा. शिकाऊ मुलांना पहिली दोन वर्षं उथळ माउथपीस देऊच नये. त्यांचा आवाज घडायच्या आधीच पातळ होतो.

सांभाळ

थ्रोटमध्ये जमलेला मळ व्यास कमी करतो आणि वरचे सूर आधी बिघडवतो. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि माउथपीसचा ब्रश. वाजवायच्या आधी मिसळ खाल्ली असेल तर तोंड नीट धुवा. तर्रीने ओठ सुजतात, आणि उथळ कपात तेवढी सूजही पुरते.

चांदीचा मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलं की ओठांना खाज किंवा पुरळ येऊ शकतं. सराफ बाजारात मुलामा पुन्हा चढवून मिळतो, पण त्याआधी पॉलिशच्या चाकावर रिम धरू देऊ नका. चाकाने आतली कड घासली गेली की तो माउथपीस पहिल्यासारखा राहत नाही. चांदी ओठांना सोसत नसेल तर सोन्याचा मुलामा घ्यावा. तो किंचित निसरडा लागतो, सवय व्हायला वेळ जातो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या कार्यक्रमाला थंड धातूवर ओठ लवकर जागे होत नाहीत, आणि थंडीत ट्रम्पेट उतरतोही. निफाडकडच्या थंडीत तर जास्तच. माउथपीस वाजवेपर्यंत आतल्या खिशात ठेवा. माउथपीस आत अडकला तर पकड किंवा पाना लावू नका, लीडपाइपचा जोड तुटतो. तो काढायचा पुलर बँडमध्ये एक तरी असावाच.